गाडी उभी असेल तेव्हा पैसे कोण देणार? नाशिकच्या लोकल ट्रक ड्रायव्हरने मालक निवडताना काय बघावं

माझा भाचा आठ-नऊ वर्षं ट्रक चालवतोय. आधी लांबची लाईन करायचा, म्हणजे इंदूर, अहमदाबाद, कधी बंगळुरू. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून त्याला रात्री घरी येता येईल असं लोकल काम हवं होतं. मागच्या महिन्यात दोन कामं एकदम चालून आली, तसा तो रविवारी सकाळी माझ्याकडे आला.

“मामा, एक शेठ सव्वीस हजार म्हणतोय, रोख. दुसरीकडे वीस हजार, त्यातूनही पीएफ कापणार. यात विचारायचं काय ते मला कळत नाही, पण ती म्हणाली, एकदा मामांना विचारून या.”

‘ती’ बरोबर म्हणाली होती. मी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांची पगारपत्रकं आणि पीएफ-ईएसआयची, म्हणजे भविष्य निधी आणि कामगार विम्याची, कामं करतो. त्याआधी सहा वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या भाड्याच्या पावत्या, बनवत होतो. ड्रायव्हर काम धरताना काय बोलतो आणि सोडताना काय बोलतो, हे दोन्ही मी टेबलाच्या या बाजूने ऐकलंय. धरताना सगळे पगाराचा आकडा विचारतात. सोडताना त्या आकड्याचं नावही निघत नाही. “गेटवर दोन रात्री काढल्या, भत्ता एकाच दिवसाचा दिला.” “गाडी गॅरेजला होती, ते आठ दिवस कापले.” “हात मोडला तेव्हा फोनसुद्धा उचलला नाही.” बहुतेक गाऱ्हाणी गाडी उभी असतानाची असतात. म्हणून मी भाच्याला एवढंच विचारलं, “गाडी उभी असेल तेव्हा हे दोघं तुला काय देणार?”

त्याने दोघांनाही हे विचारलं नव्हतं. बहुतेक कोणी विचारत नाही, म्हणून हा लेख.

लोकलमध्ये चाक कमी फिरतं

लांबच्या लाईनीत किलोमीटर दिसतात. गाडी किती धावली, किती दिवसांत पोचली, यावर हिशेब होतो. लोकलमध्ये किलोमीटर थोडे आणि वेळ फार. अंबडहून माल भरून निघालेली गाडी गोंद्याला तासाभरात पोचते. पुढचे तास गेटवर जातात. सिक्युरिटीकडे एन्ट्री, वजनकाटा, मग डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या धक्क्यावर, तीन गाड्या आधीच लागलेल्या. तुमचा नंबर येतो तेव्हा जेवणाची सुट्टी होते. जेवण झाल्यावर फोर्कलिफ्ट दुसऱ्या शेडमध्ये गेलेली असते. माल उतरला की दोन पेट्या कमी भरतात, त्यावरून फोनाफोनी, आणि शेवटी पोचेवर सही-शिक्का. तीस किलोमीटरची फेरी आणि गेले सहा तास. हे सहा तास ड्रायव्हर झोपलेला नसतो. नंबर कधी पुकारतील याचा नेम नसतो, म्हणून तो गाडी सोडून जेवायलाही जाऊ शकत नाही. हे कामच आहे, आणि त्याचे पैसे मिळतात की नाही यावर लोकल ड्रायव्हरची खरी कमाई ठरते.

नाशिकमध्ये हे थांबणं प्रत्येक धंद्यात वेगळं आहे. अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नरच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवणाऱ्या गाड्यांना ठरलेली वेळ असते. तिथे थांबणं कमी, पण वेळ चुकली तर बोलणी खावी लागतात. त्यातल्याच काही गाड्या चाकणला जातात, म्हणजे नाशिक-पुणे रस्त्याची कोंडी आली. महामार्गालगतच्या कुरिअरच्या आणि ऑनलाइन मालाच्या गोदामांचं काम नियमित असतं, पण ते मुख्यतः रात्रीचं. भाच्यासारख्याला ज्या कारणासाठी लोकल हवंय ते कारणच तिथे उरत नाही. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर भरणाऱ्यांना डेपोत नंबर लावावा लागतो. शिवाय धोकादायक माल नेण्याचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद असलेल्या ड्रायव्हरला मागणी बऱ्यापैकी टिकून असते, म्हणून ज्याला जमेल त्याने ती करून घ्यावी असं माझं मत आहे.

शेतमालाचं गणित तर पूर्ण हंगामावर चालतं. साधारण जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचे कंटेनर दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमधून न्हावा शेवा बंदराकडे जातात, त्या काळात ड्रायव्हर शोधून मिळत नाही. लासलगाव-पिंपळगावचा कांदा बाजार बंद पडला, लिलाव थांबले, की त्याच रस्त्यावरच्या गाड्या आठ-आठ दिवस उभ्या. अशा ठिकाणी फेरीवर पैसे घेणारा ड्रायव्हर मार्चमध्ये खूष असतो आणि जूनमध्ये उचल मागत फिरतो. आणि आता सिंहस्थ २०२७ च्या कामांसाठी डंपर, मिक्सर, खडी-वाळूच्या गाड्यांवर भरती चालू आहे. काम चांगलं आहे, जरूर करावं. पण सिंहस्थाची कामं संपल्यावर गाडी कुठे लागणार हे मालकाला आजच विचारावं.

पैसे देण्याच्या पद्धती

पगार महिन्याला ठरलेला असतो तेव्हा गाडी उभी राहण्याचा तोटा मालकाच्या अंगावर येतो. साहजिकच तो डॉकवाल्याशी भांडतो, हॉल्टिंग म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे मागतो, गाडी लवकर सुटावी म्हणून धडपडतो. फेरीवर पैसे ठरले की तोच तोटा ड्रायव्हरच्या अंगावर येतो, आणि मालकाला गेटवर गाडी किती वेळ अडकली याची फिकीर उरत नाही. भाड्याच्या टक्केवारीवर ठरलं तर दोघं मिळून सोसतात, पण भाडं किती मिळालं हे ड्रायव्हरला मालकाच्या शब्दावर मानावं लागतं. बिल्टीवरचं भाडं बघायला मिळणार नसेल तर टक्केवारीवर काम धरू नये.

फेरीची पद्धत वाईटच, असं मी म्हणणार नाही. ज्या मार्गावर माल पटकन उतरतो तिथे मेहनती ड्रायव्हर पगारदारापेक्षा जास्त कमावतो. फक्त ठरावात एक वाक्य असावं लागतं: इतक्या तासांपेक्षा जास्त थांबावं लागलं तर तासाला इतके. ट्रान्सपोर्टवाला स्वतः मोठ्या कंपनीकडून हॉल्टिंगचे पैसे मागतोच. त्यातला वाटा ड्रायव्हरला देणारे मालक मी पाहिलेत, न देणारेही पाहिलेत.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आमणे म्हणजे भिवंडीचं तोंड. कसारा घाटात अडकण्यापासून सुटका झाली, वेळ वाचला. पण वाचलेला वेळ कोणाचा? मालक जर म्हणत असेल, “आता दिवसाला डबल फेरी सहज होते”, तर दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे आहेत की त्याच पगारात, हे आधी ठरवून घ्या. भिवंडीच्या गोदामांत रस्ता नसतो आडवा येत, डॉक येतो, आणि डॉकला समृद्धी लागू नाही.

भाच्याचा हिशेब

मग आम्ही कागद घेऊन बसलो. हे आकडे त्याचे आहेत, तुमचे वेगळे असतील. मांडणी मात्र हीच करा.

पहिलं काम: २६,००० रुपये, भत्ता त्यातच. अंबड ते भिवंडी, पहाटे पाचला निघायचं, संध्याकाळी सात वाजता गाडी लावायची. म्हणजे चौदा तास, महिन्याचे २६ दिवस, एकूण ३६४ तास. बाहेरचं चहा-जेवण दिवसाला २०० रुपये धरलं तर ५,२०० गेले. उरले २०,८००. भागिले ३६४ तास, तासाला ५७ रुपये.

दुसरं काम: २०,००० पगार. पीएफ १५,००० रुपयांवर १२ टक्के, म्हणजे १,८०० कापले. ईएसआय पाऊण टक्का, १५० रुपये. हातात १८,०५०. वर रोजचा भत्ता १५० प्रमाणे ३,९००, त्यातून जेवणाचे तेच ५,२०० वजा. उरले १६,७५०. कामाची पाळी जेवणाच्या सुट्टीसकट नऊ तास, २६ दिवसांचे २३४ तास. तासाला साधारण ७२ रुपये.

भाचा म्हणाला, “पण मामा, हातात तर चार हजार कमीच.” खरं आहे, ४,०५० रुपये कमी. त्या बदल्यात तो महिन्याला १३० तास कमी राबणार आहे. आठ तासांच्या पाळ्या धरल्या तर सोळा दिवसांचं काम. शिवाय कापलेले १,८०० कुठे गेले नाहीत, त्याच्याच नावावर आहेत, आणि मालक तेवढेच स्वतःच्या खिशातून भरतो. मालकाच्या त्या १,८०० मधले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, ५५० पीएफमध्ये. हे धरलं तर तासाचा दर ८७ रुपयांच्या आसपास जातो.

तरी मी त्याला लगेच “दुसरं घे” असं म्हणालो नाही. घरावर हप्ता चालू असेल, आईचं औषध असेल, तर हातात येणारे चार हजार फार मोठे असतात आणि पेन्शनच्या गप्पांनी ते भरून निघत नाहीत. एक-दोन गाड्यांचा मालकही काही वेळा मोठ्या कंपनीपेक्षा चांगला निघतो. तो स्वतः ड्रायव्हर होता, गेटवर थांबणं म्हणजे काय ते त्याला कळतं, लेकीच्या तापाला तो सुट्टी देतो. मला सांगायचं आहे ते इतकंच की तुलना महिन्याच्या आकड्यांची करू नका, तासाची करा, आणि तास मोजताना घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचे मोजा.

कागदावर काय असावं

ट्रान्सपोर्ट कामगारांसाठी १९६१ पासून वेगळा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, एक दिवस सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर हे त्यात होतंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यात सामावला गेला. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर कामाच्या दोन दिवसांत सगळा हिशेब चुकता करायचा आहे. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर नेमणूकपत्र द्यावं लागतं. भाच्याच्या दुसऱ्या कामात ते मिळणार होतं. पहिल्यात शेठचा शब्द होता.

पीएफ वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो, ईएसआय दहा किंवा जास्त असतील तिथे आणि २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला. ड्रायव्हर लोक पीएफला ‘कापणी’ म्हणतात. मी मात्र रोज ज्या फायली हाताळतो त्यावरून सांगतो, ईएसआयचं मोल घरात आजारपण आल्यावर कळतं. महिन्याला १५० रुपये जातात आणि बायको-मुलांसकट उपचार मिळतात. सातपूरला त्यांचं रुग्णालय आहे. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं तर पगाराच्या ९० टक्क्यांच्या दराने भरपाई मिळते, आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, त्याला मात्र आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. पीएफच्या खात्याबरोबर एक विमाही आपोआप येतो. नोकरीत असताना सदस्य गेला तर वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. हे बऱ्याच ड्रायव्हरांच्या घरी माहीत नसतं आणि नॉमिनीचं नाव भरलेलं नसतं.

आता या बाजूच्या फसवणुकी. काही ठेकेदार ड्रायव्हरचा १२ टक्के आणि स्वतःचा १२ टक्के, दोन्ही ड्रायव्हरच्या पगारातूनच काढतात. “वीस हजार सीटीसी”, म्हणजे मालकाचा एकूण खर्च, म्हणतात ते हेच. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणं बेकायदेशीर आहे. म्हणून विचारायचं ते असं: “सात तारखेपर्यंत माझ्या बँकेत किती जमा होणार?” दुसरी पद्धत, बेसिक सहा-सात हजार दाखवायचं आणि बाकी सगळं भत्त्यांत टाकायचं, म्हणजे पीएफ कमी भरावा लागतो. नव्या संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम पगारातच धरायची आहे, त्यामुळे हे आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. तिसरी आणि सगळ्यात वाईट म्हणजे कापायचं आणि भरायचंच नाही. मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. उमंग ॲपवर पासबुक उघडतं, त्यात दिसतं. पहिल्याच महिन्यापासून बघा, वर्षाने बघून उपयोग नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या कंपनीसाठी काम केलं तिच्याकडेही दाद मागता येते, म्हणून आपण कोणत्या कंपनीच्या कामावर होतो याचा पुरावा ठेवा. गेटपासचा फोटोसुद्धा चालतो.

जिथे दोन्ही नाही, तिथे निदान बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं ई-श्रम कार्ड काढा. हे पीएफ-ईएसआयची बरोबरी करत नाही, पण हातात काहीतरी राहतं.

कापाकापी

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतानाची एक गोष्ट मला अजून बोचते. एका ड्रायव्हरने सिन्नरहून गोण्या भरून आणल्या. निघताना सील लावलेलं, पोचल्यावर सील शाबूत. तिकडे मोजणीत चार गोण्या कमी भरल्या. भरतानाची मोजणी त्याने केलीच नव्हती, त्याला शेडमध्ये जाऊच दिलं नव्हतं. तरी महिन्याच्या पगारातून सात हजार वजा झाले. ते पगारपत्रक माझ्या हस्ताक्षरात होतं. तो माणूस काही बोलला नाही, कागदाकडे बराच वेळ बघत राहिला आणि सही करून गेला. पुढच्या महिन्यात आला नाही.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान त्या माणसाच्या हलगर्जीमुळे झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडू द्यावं लागतं. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. म्हणून काम धरताना सरळ विचारा: शॉर्टेज कोण भरतं? टायर फुटला तर? ई-चलन आलं तर? डिझेलचा ॲव्हरेज बसला नाही तर? गेटवर तीन तास इंजिन चालू ठेवायला लावलं किंवा शहरात द्वारका चौकाच्या कोंडीत गाडी सापडली तर ॲव्हरेज पडणारच. तो महामार्गाच्या हिशेबाने मागणारा मालक दर महिन्याला काहीतरी कापणार. तेच हमालीचं. ज्याचा माल त्याचा हमाल, हे आपल्याकडचे ट्रान्सपोर्टवाले कंपन्यांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. मग ड्रायव्हरला गाडीत चढून पेट्या सरकवायला लावायच्या असतील तर त्याचे पैसेही वेगळे हवेत. नाहीतर दहा वर्षांनी कंबर जाते आणि तिचा खर्च कोणी देत नाही.

उचल जपून घ्या. घेतलेले पैसे फेडायचे असतात हे खरं, पण “उचल फिटेपर्यंत गाडी सोडता येणार नाही” असं कोणी बांधून ठेवू शकत नाही. वेठबिगारी १९७६ पासून या देशात गुन्हा आहे. आणि मूळ लायसन्स मालकाच्या ड्रॉवरमध्ये कधीच ठेवू नका. हवं तर झेरॉक्स द्या. तुमच्या मोबाईलमधल्या डिजीलॉकरवरचं लायसन्स पोलिसांना चालतं.

गाडी बघा, मग मालक

मुलगी बघायला जातात तसं काही मालक ड्रायव्हरची परीक्षा घेतात, गाडी मागे घ्यायला लावतात. ड्रायव्हरनेही गाडीची परीक्षा घ्यावी. नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. ट्रकला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावा लागतो. विमा संपलेली गाडी अंबडच्या रस्त्यावर फिरवणारा मालक उद्या तुमच्यासाठी काही करेल अशी आशा ठेवू नका. पुढचे टायर, ब्रेक, मागचे दिवे बघा. पावसाळ्यात कसारा घाट उतरायचा असेल तर हे सगळं आधी बघायलाच हवं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक आहे. मे महिन्यात गेटवर चार तास उन्हात उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावायला नको.

ओव्हरलोडचं विचारा. दोन ॲक्सलच्या ट्रकला एकूण वजन १८.५ टनांपर्यंत आणि तीन ॲक्सलच्या दहाचाकीला २८.५ टनांपर्यंत, असं २०१८ मध्ये ठरलं. त्यावर गेलात तर दंड २०,००० रुपये, आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,०००. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल तर हे मालकाच्या सांगण्यावरून झालं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पण रस्त्यावर गाडी अडवली जाते तेव्हा सीटवर तुम्ही असता. जो मालक “थोडं जास्त चालतं” म्हणतो, त्याच्याकडचं काम मी माझ्या भाच्याला घेऊ देणार नाही, पगार कितीही असो.

छोटा हत्ती, पिकअपपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर चालवता येते. त्याहून जड आयशर किंवा मोठ्या ट्रकवर जायचं तर मात्र वरचं लायसन्स लागतंच.

अपघातानंतर शेठ कुठे होता?

ज्याच्याकडे काम धरायचं त्याच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरला गाठा. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर, गरवारे पॉइंटच्या चहाच्या टपरीवर, पाथर्डी फाट्याला, कुठेही भेटेल. त्याला पगाराचं विचारू नका, तो वाढवून तरी सांगेल किंवा कमी करून. त्याला विचारा, “मागच्या वेळी ॲक्सिडेंट झाला तेव्हा शेठ पोलीस ठाण्यात आला होता का?”

या एका प्रश्नाच्या उत्तरात बरंच काही येतं. जामीन कोणी केला, वकील कोणी दिला, गाडी सुटेपर्यंत पगार चालू होता का, दवाखान्याचं बिल कोणी भरलं. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातल्या हिट अँड रनच्या कलमावरून पानेवाडीचे टँकर थांबले आणि नाशिकसह सगळीकडे पंपांवर रांगा लागल्या, ते दिवस आठवत असतील. त्या संतापामागे शिक्षेच्या वर्षांइतकीच दुसरी भीती होती. अपघातानंतर जमाव अंगावर येतो आणि त्या क्षणी आपल्यामागे कोणी उभं नसतं. पळून न जाणारा ड्रायव्हर हवा असेल तर त्याच्या फोनला उत्तर देणारा मालक हवा.

विम्याचंही समजून घ्या. गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत पगारी ड्रायव्हरच्या इजेची किंवा मृत्यूची कायद्याने ठरलेली भरपाई धरलेली असते. पण तुम्ही त्या मालकाकडे कामाला होता याचा पुरावा नसेल तर घरच्यांना तिथपासून झगडावं लागतं. रोख पगार घेणाऱ्यांनी म्हणून निदान दर महिन्याचा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवावा: अमुक गाडी, अमुक महिना, इतके मिळाले. मालकाने नुसता अंगठा जरी पाठवला तरी ती नोंद राहते.

भाच्याने दोन्हीकडे जाऊन हे सगळं विचारलं. पहिला शेठ गेटवरच्या थांबण्याचं ऐकून म्हणाला, “एवढे प्रश्न विचारणारा ड्रायव्हर मला परवडत नाही.” दुसऱ्या ठिकाणच्या सुपरवायझरने नऊ तासांनंतर जादा वेळेचे पैसे मिळतील असं सांगितलं, फक्त वेळेची नोंद ड्रायव्हरने आणायची. भाच्याने तिथे काम धरलं. मी त्याला खिशात मावेल अशी डायरी दिली आणि बिल्टीच्या मागे गेटवरच्या माणसाकडून आत-बाहेरची वेळ लिहून सही घ्यायला सांगितलं. गेटवाला पहिले दोन दिवस कुरकुरला, आता विचारायच्या आत लिहितो.

पहिल्या महिन्याच्या पगारात अकरा तासांचे जादा पैसे आले. डायरीत एकोणीस निघतात. उरलेल्या आठ तासांसाठी सोमवारी तो बिल्ट्यांच्या झेरॉक्स घेऊन ऑफिसात जाणार आहे.